पत्ता आणि विश्वास

बँकेंतील खातें, रुग्णालयांतील रोग्याचा कागद, रेल्वेचें आरक्षण, विद्यापीठाची गुणपत्रिका, या सर्वांच्या नोंदी आज वह्यांत राहत नाहींत; त्या डेटाबेस सर्व्हर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगणकांत राहतात. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांनीं विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारा संगणक; आणि डेटाबेस म्हणजे हवी ती नोंद क्षणांत काढतां यावी अशा रीतीनें लावून ठेवलेलें माहितीचें भांडार. या भांडाराच्या दाराशीं एक रखवालदार असतो व त्याच्या हातीं बहुधा एक यादी असते. त्या यादींत पत्ते लिहिलेले असतात. अमुक पत्त्यावरून आलेल्या संगणकास आंत येऊं द्यावें, इतरांना दारांतूनच परत पाठवावें, एवढीच तिची आज्ञा. व्यवस्था इतकी साधी आहे कीं तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि येत नाहीं. परंतु तो आहे, आणि तो एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतो : संदेश कोठून आला हें कळल्यानें तो कोणीं पाठविला हें कळतें काय?

या प्रश्नाचा उगम अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यांत सांपडतो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संगणकानें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंतील संगणकाशीं प्रथम संधान बांधलें. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडील यंत्रणा कोलमडली. त्या वर्षाच्या अखेरीस जाळ्यांत अवघीं चार ठिकाणें होतीं. पुढें ती संख्या वाढत गेली, तरी सर्व संगणकांचीं नांवें आणि पत्ते एकाच फाइलींत मावत असत. ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंतील माहिती-केंद्र सांभाळी आणि त्या केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर या होत्या. नवा संगणक जोडला कीं तेथें कळवावयाचें, यादींत एक ओळ वाढावयाची, आणि इतरांनीं ती यादी उतरवून घ्यावयाची, असा शिरस्ता होता. वाड्यांतील बिऱ्हाडकरू एकमेकांना जिन्यावरील पावलांवरून ओळखतात, तशी ही वस्ती होती. पत्ता ठाऊक असला म्हणजे माणूस ठाऊक असल्यासारखेंच होतें, कारण त्या पत्त्यावर कोणती संस्था आहे आणि तेथील यंत्र कोणाच्या ताब्यांत आहे, हें सर्वांना माहीत असे.

तथापि या वस्तींतहि सावध माणसें होतीं. डिसेंबर १९७३ मध्यें रॉबर्ट मेटकाफ यांनीं जाळ्याच्या चालकांसाठीं एक लहानसें टिपण प्रसृत केलें. आर. एफ. सी. ६०२ या क्रमांकानें तें आजहि वाचावयास मिळतें. खोलीला कुलूप लावलें कीं संगणक सुरक्षित झाला, ही समजूत लोकांच्या अंगीं मुरली आहे. परंतु तारेवरून येणाऱ्यास कुलूप आडवें येत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जाळ्यांत शिरण्याचे टेलिफोन-क्रमांक भलत्यांच्या हातीं पडले आहेत, पासवर्ड सहज ओळखतां येण्यासारखे आहेत, आणि एका यंत्राचा सर्वाधिकाराचा पासवर्ड तर लॉस एंजेलिसच्या दोन शाळकरी मुलांनीं मिळविला आहे, अशी तक्रार त्यांनीं त्यांत नोंदविली. इशारा स्पष्ट होता. पण वस्ती लहान होती तोंपर्यंत त्याची झळ थोड्यांनाच लागली.

पुढील दहा वर्षांत या वस्तीचें नगर झालें. सप्टेंबर १९८१ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं संपादिलेला इंटरनेट प्रोटोकॉलचा नियमलेख प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें तो अंगीकारला. ज्याला आज सर्वजण आयपी पत्ता म्हणतात, तो या नियमलेखांतील पत्ता होय. प्रत्येक संगणकास चार संख्यांचा एक पत्ता मिळावयाचा. प्रत्येक संख्या शून्यापासून २५५ पर्यंतची. असे सुमारें ४ अब्ज २९ कोटि पत्ते होऊं शकतात. संदेशाचे लहान लहान तुकडे करून पाठवावयाचे, आणि प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, दोन पत्ते लिहावयाचे : एक ज्याला पाठवावयाचें त्याचा व दुसरा पाठविणाऱ्याचा.

सगळी मेख या दुसऱ्या पत्त्यांत आहे. पोस्टकार्डावर पाठविणारा आपला पत्ता आपल्याच हातानें लिहितो. टपालखातें कार्ड पोंचवितांना ज्याच्याकडे तें जावयाचें त्याचा पत्ता वाचतें. पाठविणाऱ्यानें आपला पत्ता खरा लिहिला कीं खोटा, याची चौकशी करीत नाहीं. इंटरनेटवरील टपालाचीहि हीच तऱ्हा होती. वाटेंतील यंत्रें पॅकेट कोठें जावयाचें तेवढें पाहत. तें खरोखर कोठून आलें याची शहानिशा त्यांच्या कर्तव्यांत नव्हती. टपाल लवकर व बिनचूक पोंचावें, हें त्या रचनेचें उद्दिष्ट होतें. पाठविणाऱ्याची साक्ष काढणें हें नव्हतें.

त्याच १९८३ सालीं बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें युनिक्स प्रणालीची ४.२ बी. एस. डी. ही आवृत्ति बाहेर काढली. इंटरनेटचा प्रोटोकॉल तिच्यांत अंगभूत होता, त्यामुळें विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून ती झपाट्यानें पसरली. तिच्याबरोबर एक सोयहि पसरली. एका संगणकावर काम करणाऱ्या माणसास शेजारच्या संगणकावर जावयाचें असेल, तर प्रत्येक वेळीं पासवर्ड मागावयाचा कशाला? त्या दुसऱ्या संगणकावर विश्वासू संगणकांची एक यादी ठेवावी. यादींतील पत्त्यावरून कोणी आला कीं त्याला अधिक कांहीं न विचारतां आंत घ्यावें. या सोयीस केवळ आळस कारण नव्हता. त्या काळीं पासवर्ड तारेवरून उघडा जात असे आणि वाटेंत कान देऊन बसलेल्यास तो ऐकूं येई. जो पासवर्ड पाठविलाच नाहीं तो चोरीस जाणार कसा, हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड होता.

फेब्रुवारी १९८५ मध्यें बेल प्रयोगशाळेच्या एका तांत्रिक अहवालांत रॉबर्ट टॅपन मॉरिस या तरुणानें त्या युक्तिवादांतील भगदाड दाखविलें. दोन संगणकांचें संभाषण सुरू होण्याआधीं तीन पावलांचा एक शिष्टाचार होतो. पहिला आपला आरंभक्रमांक कळवितो. दुसरा तो पोंचल्याचें सांगून स्वतःचा आरंभक्रमांक कळवितो. आणि पहिल्यानें तो क्रमांक मिळाल्याची पोंच दिली कीं संभाषण सुरू होतें. खोटा पत्ता लिहिणाऱ्याची येथें अडचण होते, कारण दुसऱ्याचें उत्तर खऱ्या पत्त्यावर जातें. तोतयाला तें दिसतच नाहीं. मग तो त्या क्रमांकाची पोंच देणार कशी? मॉरिस यांनीं दाखविलें कीं क्रमांक पाहण्याची त्याला गरजच नाहीं. बर्कलेच्या प्रणालींत हा क्रमांक दर सेकंदास १२८ नें आणि प्रत्येक नव्या संभाषणागणिक ६४ नें वाढत असे. बँकेंत टोकनें ओळीनें मिळत असतील, तर ज्याच्या हातीं एक टोकन आहे त्याला पुढच्या माणसाचें टोकन सांगतां येतें. तशांतलाच हा प्रकार. तोतयानें प्रथम आपल्या खऱ्या पत्त्यानें एकदां बोलून क्रमांक पाहावा, आणि लगेच विश्वासू शेजाऱ्याच्या पत्त्यानें दुसरें संभाषण आरंभून पुढचा क्रमांक अंदाजानें सांगावा. उत्तर त्याला ऐकूं येणार नाहीं; पण त्याची आज्ञा तर पोंचेल! दार उघडण्यास तेवढी एक आज्ञा पुरते.

तीन वर्षांनीं याच मॉरिस यांचें नांव निराळ्या कारणानें जगजाहीर झालें. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं, कॉर्नेल विद्यापीठांत विद्यार्थी असतांना, त्यांनीं आपल्याच प्रती काढीत फिरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्यानें सुमारें ६,००० संगणक जखडले असा त्या वेळचा अंदाज होता. या प्रोग्रामनें टपालाच्या व इतर सेवांतील दोषांचा फायदा घेतला, सोपे पासवर्ड ओळखले, आणि त्याशिवाय पडलेल्या संगणकांवरील विश्वासाच्या याद्या उघडून पुढचीं सावजें निवडलीं. येथें पत्ता खोटा लिहिण्याची गरजहि पडली नाहीं. पत्ते खरेच होते. त्या पत्त्यांवरून बोलणारा मात्र बदलला होता. १९९० मध्यें न्यायालयानें मॉरिस यांस तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची अट, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा फर्माविली.

एप्रिल १९८९ मध्यें बेल प्रयोगशाळेंतील स्टीव्हन बेलोव्हिन यांनीं अशा दोषांचा सविस्तर परामर्श घेणारा निबंध प्रसिद्ध केला. पत्त्यावरून ओळख पटविण्याच्या रीतीचा दुबळेपणा त्यांनीं त्यांत उघड केला. म्हणून याद्या टाकून दिल्या गेल्या असें मात्र झालें नाहीं, आणि त्यालाहि कारण होतें. नेदरलंडमधील आइंडहोवन तांत्रिक विद्यापीठाच्या संगणकांत त्या सुमारास एक घुसखोर वारंवार शिरत असे आणि यंत्रावरील फाइली पुसून टाकीत असे. तो कोठून येतो हेंच कळेना. तेव्हां १९९० मध्यें तेथील वीत्से व्हेनेमा यांनीं एक छोटा प्रोग्राम लिहिला. सेवा आणि पाहुणा यांच्यामध्यें तो उभा राही, येणाऱ्याचा पत्ता टिपून घेई आणि मगच खऱ्या सेवेस हांक मारी. पुढें त्याला दोन याद्या जोडल्या गेल्या. एक ज्यांना येऊं द्यावयाचें त्यांची आणि दुसरी ज्यांना अडवावयाचें त्यांची. टीसीपी रॅपर या नांवानें हा प्रोग्राम जगभर गेला. पत्ता पाहण्याचा खरा लाभ यांत दिसून येतो. पत्त्यावरून माणूस ओळखतां आला नाहीं, तरी ज्यांचा कांहीं संबंध नाहीं अशा असंख्य अनोळख्यांना दाराबाहेर ठेवतां येतें, आणि येऊन गेलेल्याचा माग राहतो.

मॉरिस यांनीं कागदावर मांडलेली युक्ति प्रत्यक्षांत कशी दिसते, तें १९९४ च्या नाताळांत कळलें. २५ डिसेंबर रोजीं सॅन दिएगो परिसरांतील संगणकसुरक्षेचे तज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रांवर हल्ला झाला. हल्लेखोरानें प्रथम एका विश्वासू संगणकावर अर्धवट पॅकेटांचा भडिमार करून त्याचें तोंड बंद केलें. ज्या यंत्रांत शिरावयाचें त्याच्याशीं थोडें बोलून आरंभक्रमांकांची चाल ओळखली. आणि मग त्या मुक्या झालेल्या संगणकाच्या पत्त्यानें एक लहानशी आज्ञा पाठविली. त्या आज्ञेनें विश्वासाच्या यादींत दोन अधिकचिन्हें लिहिलीं गेलीं. त्यांचा अर्थ असा कीं, कोणत्याहि पत्त्यावरून येणारा कोणीहि विश्वासू मानावा. शिमोमुरा यांच्याकडील पॅकेटांच्या नोंदी शाबूत राहिल्या होत्या, म्हणून ही हकीगत पायरीपायरीनें उलगडतां आली. या प्रकरणांत ज्यांच्यावर संशय होता त्या केव्हिन मिटनिक यांस १५ फेब्रुवारी १९९५ रोजीं रॅले येथें अटक झाली. मे १९९६ मध्यें बेलोव्हिन यांनीं आरंभक्रमांक अंदाजानें सांगतां येऊं नये अशी रीत प्रसिद्ध केली. आणि मे २००० मध्यें, जाळें चालविणाऱ्या प्रत्येकानें खोट्या पत्त्याचें पॅकेट आपल्या हद्दीबाहेर पडूं देऊं नये, अशी शिफारस इंटरनेटच्या नियमकर्त्यांनीं केली. सतरा वर्षांनीं कां होईना, पाठविणाऱ्याचा पत्ता तपासणें हें टपालाचें कर्तव्य ठरलें.

डेटाबेस-प्रणालींच्या रचनेंतहि पत्त्याला याच काळांत महत्त्वाचें स्थान मिळालें. १९९५ मध्यें स्वीडनमध्यें निघालेल्या मायएसक्यूएल प्रणालींत खातेदाराचें नांव एकटें येत नाहीं. तो कोणत्या संगणकावरून येणार तेंहि नांवाशीं जोडलेलें असतें. एकाच नांवाचीं दोन खातीं दोन पत्त्यांसाठीं असूं शकतात, आणि त्यांचे अधिकार निराळे ठेवतां येतात. पोस्टग्रेसक्यूएल ही प्रणाली बर्कले येथेंच १९८६ मध्यें मायकेल स्टोनब्रेकर यांनीं आरंभिलेल्या प्रकल्पांतून वाढली. तिच्यांत यासाठीं एक स्वतंत्र फाइल असते. कोणता डेटाबेस, कोणता खातेदार, कोणता पत्ता, आणि त्यानें आपली ओळख कोणत्या रीतीनें पटवावी, हें प्रत्येक ओळींत क्रमानें लिहावयाचें. प्रणाली वरून खालीं वाचीत जाते आणि जुळणारी पहिली ओळ सांपडली कीं तीच लागू करते. ओळख पटविण्याच्या रकान्यांत ‘ट्रस्ट’ हा शब्द लिहिला, तर त्या पत्त्यावरून येणारास पासवर्डहि विचारला जात नाहीं. त्या जागीं पासवर्डाची पद्धति लिहिली, तर पत्ता हें पहिलें दार होतें व पासवर्ड हें दुसरें. १९८३ सालची चूक आणि तिच्यावरील उपाय यांत येथें एका शब्दाचें अंतर आहे.

यादी मुळींच नसली तर काय होतें, याचाहि धडा जगाला लवकरच मिळाला. २५ जानेवारी २००३ रोजीं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या प्रणालींतील एका दोषावर जगणारा प्रोग्राम इंटरनेटवर सुटला. तो अवघा ३७६ बाइटांचा होता. एका पॅकेटांत मावण्याइतका. दोषाची दुरुस्ती जुलै २००२ मध्येंच प्रसिद्ध झाली होती, पण ती सर्वांनीं लावून घेतली नव्हती. आरंभीं दर साडेआठ सेकंदांस त्याच्या प्रती दुप्पट होत. किमान ७५,००० संगणकांना त्यानें ग्रासलें, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या तावडींत सांपडले. अमेरिकेंत एका मोठ्या बँकेचीं पैसे देणारीं यंत्रें अडलीं. अनोळखी पॅकेटास दाराबाहेरच थोपविणारी चौकी ज्यांच्यापुढें होती, ते डेटाबेस या लाटेंतून वांचले.

तरीहि कित्येक दारें उघडींच राहिलीं. पूर्वीं अशीं दारें शोधण्यास काळ लागे. २०१३ मध्यें मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं झेडमॅप हें साधन प्रसिद्ध केलें. एका साध्या सर्व्हरवरून जुन्या पद्धतीचे सर्व आयपी पत्ते पाऊण तासाच्या आंत ठोठावून पाहतां येतात, हें त्यांनीं दाखविलें. आपला पत्ता कोणाला ठाऊक नाहीं, या समजुतीवर निर्धास्त राहण्याचे दिवस संपले. २०१६ च्या अखेरीस व २०१७ च्या आरंभीं मोंगोडीबी प्रणालीचे हजारों डेटाबेस एकामागून एक रिकामे झालेले आढळले. त्यांना पासवर्ड नव्हता आणि पत्त्यांची यादीहि नव्हती. आंतील नोंदी जाऊन त्या जागीं खंडणीची चिठ्ठी उरे. कित्येकदां तर नोंदींची प्रत चोरानें ठेवलेलीच नसे, म्हणून खंडणी देऊनहि त्या परत मिळत नसत. अमेरिकेंतील एका रुग्णसेवा-संस्थेचा डॉक्टरांच्या भेटींच्या वेळा नोंदणारा डेटाबेस या धाडींत गेला. त्यांत सुमारें ८०,००० रोग्यांची माहिती होती. यादी लिहावयाची राहिली ती कोणा तंत्रज्ञाकडून. उघड्यावर आले ते त्याला कधींहि न भेटलेले रोगी. ज्यांच्या नोंदी आंत असतात, त्यांना ही यादी पाहावयास मिळत नाहीं, आणि ती नीट लिहिली आहे कीं नाहीं हें विचारण्याची सोयहि त्यांना नसते. २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून मोंगोडीबीच्या कर्त्यांनीं मूळ मांडणीच बदलली : मुद्दाम सांगितल्याशिवाय डेटाबेस आपल्या यंत्राबाहेरील कोणाचेंहि ऐकत नाहीं.

दरम्यान खुद्द पत्त्याचें स्वरूप पालटलें होतें. चार अब्ज पत्ते पुरणार नाहींत हें ध्यानीं आल्यावर १९९४ मध्यें एकाच पत्त्याआड अनेक संगणक बसविण्याची रीत मांडली गेली. आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजीं पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा संपला. आज एका महाविद्यालयांतील शेंकडों विद्यार्थी बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याचे दिसूं शकतात. उलट घरून काम करणाऱ्या एकाच लेखनिकाचा पत्ता सकाळीं एक तर सायंकाळीं दुसरा असतो. भाड्यानें घेतलेल्या सर्व्हरचा पत्ता भाडें संपल्यावर दुसऱ्या भाडेकरूकडे जातो, आणि जुनी नोंद यादींतून काढलेली नसेल तर नवा भाडेकरू आयताच विश्वासू ठरतो. पत्ता बदलला कीं काम अडतें. काम अडलें कीं तक्रारी येतात. आणि मग कंटाळलेला व्यवस्थापक यादींत चार शून्यें, एक तिरकी रेघ व आणखी एक शून्य असें लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ, जगांतील सर्व पत्ते विश्वासू. १९९४ च्या नाताळांत दोन अधिकचिन्हें लिहिण्यासाठीं हल्लेखोराला एवढा खटाटोप करावा लागला. येथें तेंच काम घरचा माणूस आपल्या हातानें करून देतो.

या अनुभवांवरून पत्त्यावर विसंबण्याची रीतच सोडावी, असा पक्ष पुढें आला. २०१० मध्यें जॉन किंडरव्हाग यांनीं ‘शून्य विश्वास’ या नांवानें तो मांडला. डिसेंबर २०१४ मध्यें गूगलनें आपली अंतर्गत व्यवस्था लेखरूपानें प्रसिद्ध केली. तिच्यांत कचेरींतील जाळ्यावर बसलेला नोकर आणि बाहेरच्या उपाहारगृहांत बसलेला नोकर यांत भेद केला जात नाहीं, दोघांनाहि आपली व आपल्या यंत्राची ओळख सारखीच पटवावी लागते. ऑगस्ट २०२० मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें या तत्त्वावर मार्गदर्शक लेख काढला.

असें असूनहि पत्त्यांची यादी हद्दपार झाली नाहीं. भाड्यानें मिळणाऱ्या डेटाबेसांपुढें आजहि ती टांगलेली असते, आणि ती तशी असणें रास्तच आहे. जो दारापर्यंत पोंचूंच शकत नाहीं, त्याला पासवर्ड ओळखण्याचा वा प्रणालींतील दोष चाळविण्याचा अवसरच मिळत नाहीं. बदललें आहे तें तिच्याकडून ठेवावयाच्या अपेक्षेचें माप. वस्ती चार घरांची होती तेव्हां पत्ता हीच ओळख मानून भागलें; अब्जावधि पत्त्यांच्या जगांत पत्ता ही केवळ पहिली चाळणी उरली आहे. म्हणून यादी शक्य तितकी लहान असावी, प्रत्येक ओळ कोणासाठीं व कोणत्या कामासाठीं लिहिली याची टीप तिच्याशेजारीं असावी, आणि काम संपतांच ती ओळ पुसली जावी. यादींतून पार पडलेल्या पाहुण्यालाहि पासवर्ड किंवा प्रमाणपत्र विचारावें, त्याचें बोलणें वाटेंत कोणाला कळणार नाहीं अशा सांकेतिक रूपांत चालावें, आणि आंत आल्यावर त्याला त्याच्या कामापुरत्याच नोंदी दिसाव्यात. रखवालदारानें पत्ता जरूर पाहावा. पण तो यादींत सांपडला म्हणून नांव विचारावयाचें सोडूं नये.